बॅट टाकून पळायचं कुठे? क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी सॉफ्टबॉल

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. तिथे २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच जादा खेळ मंजूर झाले. आपल्यापर्यंत त्यातली एकच बातमी पोचली, क्रिकेट परत येतंय. १९०० सालानंतर पहिल्यांदाच म्हटल्यावर ते साहजिकही होतं. पण त्याच यादीत क्रिकेटला खेटून ‘बेसबॉल-सॉफ्टबॉल’ असं जोडनाव होतं. म्हणजे हा खेळ ऑलिंपिकमध्ये परतला तो आपल्या बीकेसीतून, आणि मुंबईकराला त्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, “ते बेसबॉलसारखं काहीतरी ना?”

मीही त्यातलाच. भाची आठवीत गेली आणि एक दिवस फोनवर म्हणाली, “मामा, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये घेतलंय मला. शॉर्टस्टॉप!” मी “अरे वा” म्हणालो आणि मनातल्या मनात तिला शॉर्ट लेगला उभी करून मोकळा झालो. पहिला सामना बघायला गेलो तेव्हा तीन गोष्टींनी माझी विकेट काढली. एका मुलीने बॅट हलवलीसुद्धा नाही आणि ती शांतपणे चालत जाऊन पहिल्या बेसवर उभी राहिली. दुसरीने चेंडू नुसता तटवला आणि जीव खाऊन पळत सुटली. तिसऱ्या वेळी तर चेंडू हातात असलेल्या मुलीने फक्त बेसवर पाय ठेवला. कोणाला शिवली नाही, काही पाडलं नाही, तरी पंचांनी मूठ वर केली आणि एक खेळाडू बाद. शेजारी बसलेल्या एका बाबांना विचारलं, तर तेही माझ्यासारखेच, इतरांनी वाजवल्या की टाळ्या वाजवणारे.

सामना संपल्यावर भाचीने वडापाव खाताखाता जे समजावलं आणि नंतर मी जे वाचून-बघून पक्कं केलं, ते असं.

भाकरीचा चतकोर

क्रिकेटचं मैदान म्हणजे अख्खी भाकरी आणि फलंदाज तिच्या मधोमध. सॉफ्टबॉलचं मैदान म्हणजे त्याच भाकरीचा चतकोर, आणि फलंदाज त्याच्या टोकाशी उभा. त्या टोकाला जमिनीत एक पाच कोनांची, १७ इंच रुंद पांढरी पाटी बसवलेली असते. ती होम प्लेट. चतकोराच्या दोन सरळ कडा म्हणजे फाउल रेषा. चेंडू त्यांच्या आत गेला तर खरा, बाहेर गेला तर फाउल. आपला लेट कट, लेग ग्लान्स, यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मारलेला स्कूप, सगळं इथे फाउल.

या टोकापासून ६० फूट बाजूचा एक चौकोन आखलेला असतो. फलंदाजाच्या उजव्या हाताला पहिला बेस, समोर लांब दुसरा, डाव्या हाताला तिसरा, आणि चौथा कोपरा म्हणजे होम प्लेट, जिथून निघालो तिथेच. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे चौकोनाची प्रत्येक बाजू तिच्याहून थोडी कमी. चारही बाजू पळून घरी परत आलात की संघाला एक रन मिळते. एक! २४० फूट पळून एक. म्हणूनच या खेळात २-० हा अगदी सभ्य स्कोअर असतो.

षटकं नसतात. संघाचे तीन जण बाद झाले की त्याची पाळी संपते आणि समोरचा संघ खेळायला येतो. दोघांची एकेक पाळी झाली की एक इनिंग, आणि अशा सात इनिंग.

जाता जाता एक तक्रार. आपल्याकडच्या स्पर्धांच्या बातम्यांत प्रत्येक रनलाच ‘होमरन’ लिहिलेलं दिसतं, ‘दहा होमरननी विजय’ वगैरे. खरा होमरन म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेस फिरून येणं, बहुधा चेंडू थेट कुंपणापार मारून. दहा होमरन मारणाऱ्या संघाची बातमी शेवटच्या पानावर तीन ओळींत संपणार नाही.

दादरला आपल्याला कोण उतरवतं?

आता माझा तिसरा गोंधळ आधी सोडवतो, कारण तो सुटला की निम्मा खेळ समजतो.

क्रिकेटमध्ये फलंदाजाला न पळण्याचा हक्क आहे. चेंडू मारला, क्षेत्ररक्षकाकडे गेला, “नोऽऽ” ओरडलं, विषय संपला. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू रेषांच्या आत मारला की बॅट टाकायची आणि पहिल्या बेसकडे पळायचं. मारलेला चेंडू किती फुसका होता याला महत्त्व नाही. पळावंच लागतं.

आणि एका बेसवर दोन जण राहू शकत नाहीत.

या दोन नियमांतून जे घडतं ते सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आपण रोज अनुभवतो. तुम्हाला दादरला उतरायचं नाही, पण तुम्ही दाराशी आहात आणि मागे उतरणाऱ्यांची भिंत आहे. तुम्ही उतरता. तुमच्या इच्छेचा प्रश्नच येत नाही. पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूचं नेमकं हेच होतं. मागून फलंदाज पहिल्या बेसकडे निघाला की तिला दुसऱ्याकडे जावंच लागतं. दुसऱ्यावरही कोणी असेल तर तिला तिसऱ्याकडे.

अशी ढकलली गेलेली धावपटू कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. म्हणून तिला शिवण्याची गरज नाही. ती पोचायच्या आत चेंडू घेऊन त्या बेसवर पाय ठेवला की ती बाद. याला फोर्स आउट म्हणतात. पंचांनी मूठ वर केली होती ती याचसाठी. पहिल्या बेसकडे पळणारी फलंदाज तर कायमच अशा सक्तीत असते.

मागून ढकलणारं कोणी नसेल तर गोष्ट बदलते. समजा दुसऱ्या बेसवर धावपटू आहे आणि पहिला बेस रिकामा आहे. तिला पुढे जायची सक्ती नाही, ती परत फिरू शकते. मग मात्र चेंडू असलेल्या हाताने किंवा ग्लव्हने तिला शिवावं लागतं. तो टॅग आउट. आपल्या खो-खोत धावणाऱ्याला गाठून बाद करतात, तसंच.

चेंडू हवेत उडाला तर अजून एक गुंता. झेल झाला की मारणारी बाद, इथवर क्रिकेटच. पण त्याच वेळी बाकी धावपटूंना झेल घेतला जाईपर्यंत आपापल्या बेसला चिकटून राहावं लागतं, किंवा पुढे गेल्या असतील तर परत येऊन बेसला पाय लावावा लागतो. झेल झाल्यावर पुढे पळायची मुभा आहे. परत यायच्या आत चेंडू त्या बेसवर पोचला तर ती दुसरी बाद. एका चेंडूवर दोघी. याला डबल प्ले म्हणतात, आणि तीनच बळी असलेल्या खेळात दोन एकदम जाणं म्हणजे महिनाअखेरीला दोन हप्ते एकदम कापले जाणं.

न मारता पहिला बेस कसा मिळतो?

होम प्लेटच्या वर, साधारण काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात चेंडू टाकायचा हे चेंडू टाकणारीचं काम. तिला पिचर म्हणतात. पट्ट्यातून गेलेला चेंडू सोडला तर स्ट्राइक. कुठलाही चेंडू मारायला जाऊन हुकला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. पट्ट्याबाहेरचा चेंडू न मारता सोडला तर त्याला म्हणतात ‘बॉल’. हो, बॉललाच बॉल. असे चार झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट, चालत जा. ती बॅट न हलवणारी मुलगी आळशी नव्हती. चार वेळा हात आवरणारी ती मुलगी त्या दिवशीची सगळ्यात शहाणी फलंदाज होती.

फाउल मारलेला चेंडू पहिल्या दोन वेळा स्ट्राइक धरतात. दोन झाल्यावर नेहमीचा फटका फाउल गेला तर मोजत नाहीत, त्यामुळे चिवट फलंदाज फाउलवर फाउल मारून पिचरला दमवते.

नऊ जागा आणि त्यांचे आकडे

मैदानात नऊ जणी. प्रत्येक जागेला एक ठरलेला आकडा आहे आणि त्याचा जर्सीच्या नंबराशी संबंध नाही. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग बाहेर डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. चौकोनाच्या आसपासच्यांना इनफिल्ड म्हणतात, लांब गवतातल्या तिघींना आउटफिल्ड. स्कोअरशीटवर ‘६-४-३’ लिहिलेलं दिसलं तर चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवालीकडे आणि तिथून पहिल्या बेसवर गेला, दोघी बाद, असं वाचायचं.

कॅचर होम प्लेटच्या मागे उकिडवी बसलेली असते, जाळीचा मुखवटा, छातीला आणि पायांना गार्ड. तिला यष्टिरक्षक म्हणणं अर्धंच खरं. चेंडू कुठला टाकायचा याची खूण तीच मांडीआड बोटांनी करते. शिवाय बाकी आठ जणींची तोंडं तिच्याकडे आणि तिचं एकटीचं सगळ्या मैदानाकडे. त्यामुळे “दोन नंबर! दोन नंबर!” (म्हणजे दुसरा बेस) असं ओरडून चेंडू कुठे टाकायचा तेही तीच सांगते. अबोल मुलीला कॅचर करून बघा, महिन्याभरात घर डोक्यावर घेते.

पहिल्या बेसवाली शक्यतो उंच. सगळीकडून येणारे थ्रो तिच्याकडे, आणि बेसवरचा एक पाय न सोडता तिला चेंडूकडे ताणून पोचायचं असतं. लोकलमध्ये एका हाताने दांडा न सोडता दुसऱ्या हाताने खिडकीतून भजी घेणारी माणसं या जागेला शोभतील. डावखुरी असली तर उत्तमच. इथला बेस बऱ्याच मैदानांवर दुहेरी असतो, आतला पांढरा आणि फाउल रेषेबाहेरचा नारिंगी. पांढरा हिचा, नारिंगी पळत येणारीचा, म्हणजे टक्कर टळते.

तिसऱ्या बेसवाली फलंदाजाच्या भयंकर जवळ उभी राहते, बेसच्या बरीच पुढे. याचं कारण माझा दुसरा गोंधळ. नुसता तटवलेला तो चेंडू घाबरटपणाचा नव्हता, त्याला बंट म्हणतात. चेंडू मुद्दाम पायाशी मेलेला ठेवायचा, म्हणजे तो उचलायला कोणीतरी पळत येईपर्यंत आपण पहिल्या बेसवर. चपळ खेळाडू ते ६० फूट तीन सेकंदांच्या आसपास पळते. तेवढ्या वेळात चेंडूपर्यंत पोचून, तो उचलून, फेकून मोकळं व्हायचं असतं. म्हणून तिसरी पुढे सरकते, आणि मग कोणी बंटचं सोंग करून सणसणीत मारला की तो थेट तिच्या अंगावर. या जागेला धाडस लागतं, दुसरं काही शिकवता येतं.

दुसऱ्या बेसवालीचं नाव फसवं आहे. ती दुसऱ्या बेसवर उभीच नसते, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे उभी असते. बंट झाला आणि पहिल्या बेसवाली चेंडूमागे पुढे धावली, तर मोकळ्या पडलेल्या पहिल्या बेसवर हीच धावते.

आणि दुसऱ्या व तिसऱ्याच्या मधल्या खिंडारात शॉर्टस्टॉप. बहुतेक फलंदाज उजव्या हाताच्या, त्यांचा जोरकस फटका साहजिक डावीकडे जातो, म्हणजे हिच्याकडे. पहिला बेस हिच्यापासून लांब, म्हणजे हात बंदुकीसारखा हवा. दुसऱ्या बेसवर थ्रो घ्यायलाही बऱ्याचदा हीच. माझ्या भाचीला ही जागा मिळाली तेव्हा मी शॉर्ट लेगचा विचार करत होतो याची मला अजून लाज वाटते.

शॉर्टस्टॉप म्हणजे काय हे बघायचं असेल तर २७ जुलै २०२१चा टोकियो ऑलिंपिकचा अंतिम सामना शोधा, योकोहामात झालेला, जपान विरुद्ध अमेरिका. सहावी इनिंग, जपान २-०ने पुढे, अमेरिकेच्या धावपटू बेसवर. अमांडा चिडेस्टरने एक तोफगोळा मारला. तो जपानच्या तिसऱ्या बेसवालीच्या, यू यामामोतोच्या, हाताला लागून उडाला. तिथे संपायला हवं होतं. पण शॉर्टस्टॉप माना आत्सुमी मागून धावत आली होती, तिने तो उडालेला चेंडू जमिनीला लागण्याआधी झेलला आणि त्याच दमात दुसऱ्या बेसवर फेकला. धावपटू परत फिरेपर्यंत उशीर झालेला. डबल प्ले, इनिंग संपली, जपानला सुवर्ण. चेंडू दुसऱ्याकडे चालला असताना आत्सुमी तिथे का धावली? कारण कोणाच्या तरी मागे उभं राहणं हे तिचं प्रत्येक चेंडूवरचं काम होतं.

आउटफिल्डच्या तिघींचंही तेच. उंच झेल घेणं हे दिसणारं काम. न दिसणारं म्हणजे प्रत्येक थ्रोच्या मागे जाऊन उभं राहणं, हुकला तर अडवायला. मधली, ८ नंबरची, सगळ्यात वेगवान हवी. नवख्या मुलीला ९ नंबरला ‘लपवायची’ पद्धत शाळांत आहे. मला ती पटत नाही. पहिल्या बेसवर हुकलेला प्रत्येक थ्रो तिच्याच दिशेने जातो.

“अंडरआर्म तर लहान मुलंसुद्धा टाकतात”

हे वाक्य पिचरसमोर बोलू नका. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालूनच टाकावा लागतो, पण हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून, कंबरेजवळून सोडायचा. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर म्हणजे १३.११ मीटरवर असते. उत्तम पिचर ताशी ११० किलोमीटरच्या पुढे टाकतात. हिशोब करून बघा. या वेगाने १३.११ मीटरला साधारण ०.४३ सेकंद लागतात. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत जायला सुमारे ०.४५ सेकंद घेतो. म्हणजे फलंदाजाला मिळणारा वेळ जवळजवळ सारखाच, उलट थोडा कमी. त्यात पिचर चेंडू सोडताना एक लांब पाऊल पुढे येते आणि इथे चेंडू टप्पाही घेत नाही, सगळं हवेतच.

हवेतच तो खाली पडतो, बाजूला वळतो, किंवा उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडतो. तो रायझबॉल. फलंदाजाची बॅट त्याच्या खालून जाते आणि तिला शपथेवर वाटतं की चेंडू वर चढला. २००४ मध्ये अमेरिकेच्या जेनी फिंचने एका प्रदर्शनी सामन्यात अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझासारख्या बेसबॉलच्या बड्या फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं होतं. आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्ण जिंकून दिलं. टोकियोच्या अंतिम सामन्यातही ती होती, नुकतीच ३९ची झालेली.

“नावातच सॉफ्ट आहे, मग लागतं कसं?”

नाव इतिहासातून आलंय. १८८७ मध्ये शिकागोतल्या एका बोट क्लबात मंडळी हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. निकाल आल्यावर जल्लोषात कोणीतरी बॉक्सिंगचा ग्लव्ह भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या गृहस्थांनी तो ग्लव्ह बांधून चेंडू केला आणि आत, छपराखाली खेळायचा बेसबॉल सुरू झाला. तेव्हाचा चेंडू मोठा आणि मऊ होता. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव मात्र १९२६चं.

आजचा चेंडू १२ इंच घेराचा, १७८ ते १९८ ग्रॅमचा. आपला सीझन बॉल १६३ ग्रॅमच्या आतला. म्हणजे हा त्याच्याहून जड, आकाराने मोठा आणि हाताला चांगलाच टणक. फलंदाजाला हेल्मेट, कॅचरला पूर्ण गार्ड आणि सगळ्यांना ग्लव्ह हवेतच. धोबी तलावच्या दुकानात मुलीला घेऊन जाल तेव्हा बॅटवर पैसे उधळण्याआधी ग्लव्ह तिच्या हातात घालून बघा. बॅट संघाची चालते. ग्लव्ह स्वतःचा लागतो.

“क्रिकेट येतं, मग हे येईलच”

थोडं येईल, थोडं आड येईल.

ग्लव्ह फेकायच्या हातात घालायचा नसतो. उजव्या हाताने फेकणारी डाव्या हातात घालते. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं उलट घालतात, आणि क्रिकेटवाली मुलं ग्लव्ह विसरून उघड्या हाताने झेल घ्यायला जातात. कंबरेच्या वरचा चेंडू असेल तर बोटं आकाशाकडे, खालचा असेल तर जमिनीकडे, आणि दुसरा हात लगेच झाकणासारखा वर. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला वाट बघत बसायचं नाही, त्याच्याकडे जायचं, ग्लव्ह आधी मातीला टेकवून मग वर आणायचा. पाय लावून अडवायची आपली जुनी सवय इथे सोडावी लागते. चेंडू अडला तरी तो उचलण्यात ते तीन सेकंद निघून जातात.

बॅट गोल, जास्तीत जास्त ३४ इंच लांब आणि सव्वादोन इंच जाडीची. सरळ बॅटने खेळण्याचे प्रशिक्षकांनी घोटून घेतलेले धडे इथे कामाला येत नाहीत. बॅट खांद्याच्या मागे, कंबर आधी वळते, हात मागून येतात. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये मिडविकेटवरून ओढणारा पोरगा हे पटकन शिकतो, अकादमीतला नीटनेटका पोरगा उशिरा.

पळण्यातही फरक आहे. पहिल्या बेसवर थांबायचं नसतं, त्याच वेगाने त्याच्यावरून पुढे निघून जायचं. तिथे तसं चालतं. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र बेसच्या पुढे घसरलात तर शिवून बाद करतात, म्हणून तिथे घसरत जाऊन बेस धरायचा. आणि पिचरच्या हातातून चेंडू सुटल्याशिवाय बेस सोडायचा नाही. आधी सोडला तर बाद.

पण सगळ्यात अवघड गोष्ट हाताची नाही. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षक चेंडू आल्यावर ठरवू शकतो की कुठल्या टोकाला फेकायचा. पर्याय दोनच असतात. इथे चार बेस, कधी सक्ती, कधी नाही, किती बाद, कोण कुठे. चेंडू हातात आल्यावर विचार सुरू केला तर उशीर झालाच. म्हणून चेंडू पडण्याआधी उत्तर तयार हवं: आत्ता माझ्याकडे आला तर कुठे? आणि माझ्याकडे नाही आला तर मी कुठे? आठवीतली पोर हे प्रत्येक चेंडूआधी ओठांतल्या ओठांत पुटपुटते. मी आधी समजत होतो स्तोत्र म्हणते.

“हा मुलींचाच खेळ ना?”

ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल महिलांचा असतो, त्यामुळे हा समज झाला. पुरुषांच्या जागतिक स्पर्धा १९६६पासून होतात, त्यात पिचर ४६ फुटांवरून टाकतो, आणि २०२२ची ऑस्ट्रेलियाने जिंकली. आपल्या शालेय स्पर्धांत मुलगे आणि मुली दोघांचे संघ असतात.

“मुंबईत यासाठी जागा कुठाय?”

हा आक्षेप खरा आहे आणि अर्धा चुकीचाही. कुंपण होम प्लेटपासून दोनशे-सव्वादोनशे फुटांवर धरलं, तर ही लांबी क्रिकेटच्या सीमारेषेएवढीच. पण भाकरी अख्खी लागत नाही, चतकोर पुरतो. आझाद मैदानावर एकाचा डीप मिडऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असलेल्या गर्दीत तेवढा चतकोर मागणाऱ्याचं ऐकतं कोण, हा वेगळा प्रश्न. राज्यात हा खेळ जळगाव-अमरावतीकडे मुंबईपेक्षा जास्त रुजला त्यात मोकळ्या मैदानांचा वाटा असावा असं मला वाटतं.

सरावाला मात्र मैदान लागतंच असं नाही. सोसायटीच्या कंपाउंडची भिंत, टेनिस बॉल आणि ग्लव्ह एवढ्यावर भाची रोज अर्धा तास काढते. भिंतीवर मारायचा, जमिनीवरून परत येईल तो धरायचा, लगेच फेकायचा. तळमजल्यावरच्या काकूंनी दोनदा तक्रार केली. आता त्या खुर्ची टाकून बसतात आणि सुटलेले चेंडू मोजतात.

शाळेचा किंवा जिल्ह्याचा सामना बघायला गेलात, तर एक इनिंग चेंडू बघूच नका. नजर ६ नंबरवर ठेवा. चेंडू तिच्याकडे येणार नाही तेव्हाही ती कुठे पळते ते बघा. मग पुढच्या इनिंगला चेंडू.